भर उन्हातली भीती डिस्कवर मावते का?

भुताखेताची गोष्ट म्हटली की अंधार हवाच, असं आपण लहानपणापासून धरून चालतो. वीज गेलेली, कंदिलाची वात बारीक केलेली आणि आजीचा आवाजही तितकाच बारीक झालेला. आरी ॲस्टर या अमेरिकी दिग्दर्शकाने २०१९ साली ‘मिडसोमार’ केला आणि प्रेक्षकाचा हा अंधारच काढून घेतला. काही अमेरिकी विद्यार्थी स्वीडनमधल्या हेलसिंगलँड भागात ‘होर्गा’ नावाच्या वस्तीवर उन्हाळी सणाला जातात. हिरवं कुरण, फुलांचे मुकुट, पांढरेशुभ्र भरतकाम केलेले कपडे घातलेली हसरी माणसं. जे भयंकर घडतं ते बहुतेक सगळं लख्ख उजेडात घडतं, लपायला सावलीसुद्धा नसते.

या चित्रपटाची ‘डायरेक्टर्स कट’, म्हणजे दिग्दर्शकाला हवी तशी लांब आवृत्ती, ए-ट्वेंटीफोर या कंपनीने २०२० साली ब्लू-रेवर संग्राहकांसाठी काढली. सोबत मार्टिन स्कॉर्सेसी यांची प्रस्तावना असलेली पुस्तिका. नंतर ४के आवृत्तीही निघाली. माझा आतेभाऊ अमेरिकेहून येताना माझ्यासाठी ब्लू-रे घेऊन आला, तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण तेच विचारतो: सिनेमा मोबाइलवर दिसत असताना एवढे पैसे कशाला? खोका देखणा आहे, पुस्तिका वाचनीय आहे, पण त्यासाठी मी डिस्क घेणार नाही. मला बघायचं असतं ते एवढंच, की कॅमेऱ्यासमोर जो उजेड होता त्यातला किती माझ्या डोळ्यांपर्यंत पोचतो. ‘मिडसोमार’च्या बाबतीत हा प्रश्न फार नेमका आहे, कारण यातली भीतीच उजेडाची आहे.

आधी या उजेडामागच्या सूर्याबद्दल. मध्यरात्रीचा सूर्य दिसायला साडेसहासष्ट अंश उत्तरेच्या वर जावं लागतं. हेलसिंगलँड आहे साधारण ६१ ते ६२ अंशांवर. तिथे जूनच्या अयनदिनी सूर्य मावळतो, पण क्षितिजाखाली जेमतेम पाच अंश उतरून परत वर येतो. सहा अंशांच्या आत राहिला की त्या संधिप्रकाशात दिवा न लावता वावरता येतं. म्हणजे रात्र येते, काळोख येत नाही. गंमत अशी की चित्रीकरण झालं हंगेरीत, बुडापेस्टच्या परिसरात, साडेसत्तेचाळीस अंशांवर. तिथे रात्र नेहमीसारखी पडते. न संपणारा दिवस छायालेखक पावेल पोगोझेल्स्की यांना रोजच्या साध्या उन्हातून उभा करावा लागला. तो उभा राहिलाय पांढऱ्या रंगावर.

आता हा पांढरा किती पांढरा असतो ते बघू. गच्चीवर भर दुपारी धुतलेलं धोतर वाळत घातलं की त्यावरून साधारण २५ हजार ‘निट’ इतका प्रकाश डोळ्यात येतो. निट म्हणजे पृष्ठभागाची उजळता मोजायचं एकक. डिजिटल चित्रपटगृहाच्या पडद्यावर सर्वांत पांढरा भाग किती उजळ असावा याचं प्रमाण ठरलेलं आहे: ४८ निट. पंचवीस हजार कुठे आणि अठ्ठेचाळीस कुठे! तरीही अंधाऱ्या सभागृहात ते कुरण बघताना आपण डोळे बारीक करतो, कारण डोळा उजेडाची बेरीज करत नाही, तुलना करतो. शेजारच्या भागापेक्षा हा भाग किती उजळ, एवढंच त्याला कळतं, आणि सभोवतालच्या उजेडाप्रमाणे तो स्वतःला जुळवून घेतो. म्हणून एकूण उजेड कमी पडला तरी चालतो, पण छटांमधलं अंतर मोडलं की चित्र मोडतं.

साध्या ब्लू-रेवर प्रत्येक पिक्सेलची उजळता आठ बिटांत लिहिलेली असते. आठ बिट म्हणजे २५६ आकडे, त्यातले १६ हा काळा आणि २३५ हा पांढरा मानून प्रत्यक्ष २२० पायऱ्या वापरात येतात. वरच्या टोकाच्या थोड्याशा पायऱ्यांत आकाश, ऊन पडलेला खांदा, टेबलावरची चादर, फिक्या केसांवरची चमक, सगळं बसवायचं असतं. आधीच अपुऱ्या जागेत चित्र थोडं जास्त उजळवलं तर हे सगळं शेवटच्या पायरीवर जाऊन आदळतं. मग कापड कापड राहत नाही, कागद होतो. चुणी दिसत नाही, भरतकामाचा दोरा कापडात विरघळतो.

म्हणून मी डिस्क लावली की पहिल्यांदा जेवणाच्या त्या लांबलचक टेबलांपाशी थांबवतो. सगळे पांढऱ्यात, सगळ्यांवर ऊन. एखादी बाही निवडायची आणि टीव्हीच्या अगदी जवळ जायचं. कोपराशी कापड दुमडतं तिथे निळसर राखाडी, उन्हाकडच्या बाजूला किंचित पिवळट आणि मधे नुसता पांढरा, असे तीन वेगळे पांढरे दिसले पाहिजेत. माझ्या डिस्कवर ते दिसतात. विणीचा धागाही अधूनमधून लागतो. सगळंच एकाच दुधाळ पट्ट्यात दिसायला लागलं, तर डिस्कला बोल लावण्याआधी टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून बघावा. दुकानाच्या झगझगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून केलेली ती सोय आहे, ती घरी वरच्या छटा खाऊन टाकते.

४के डिस्कवर हिशेब बदलतो. तिथे दहा बिट असतात, म्हणजे १,०२४ पायऱ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या पायऱ्या मानवी डोळ्याच्या मापाने वाटलेल्या असतात. २०१४ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीला ‘पीक्यू’ म्हणतात. मंद उजेडात डोळ्याला बारीक फरक कळतो, प्रखर उजेडात तेवढाच फरक कळत नाही. म्हणून पीक्यूमध्ये जवळजवळ निम्म्या पायऱ्या १०० निटच्या आतल्या उजेडासाठी राखलेल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या तिथून थेट १०,००० निटपर्यंत ताणल्या आहेत. त्यामुळे बाहीवरचे तीन पांढरे सहा होऊ शकतात.

पण इथे माझं एक ठाम मत आहे. घरचा टीव्ही हजार निट देऊ शकतो म्हणून ती कुरणं हजार निटला पेटवावीत, असं नाही. चित्रपटगृहातला प्रेक्षक ४८ निटमध्ये घाबरला होता. घरगुती आवृत्तीने चित्रपटगृहाला मागे टाकायची स्पर्धा लावली की तो वेगळाच चित्रपट होतो. जास्तीच्या उजेडाचा चांगला उपयोग एकच: जिथे तपशील चिरडला गेला होता तिथे तो मोकळा करणं. संग्राहकांच्या गप्पांत ‘केवढं ब्राइट आहे’ ही दाद वारंवार ऐकू येते. या चित्रपटाला ती दाद लागू नाही.

आता जागेचा प्रश्न. ब्लू-रे वाचायला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा तांबडा. तरंगलांबी आखूड तितका ठिपका बारीक, म्हणून डीव्हीडीवर माहिती लिहिलेल्या वळणदार रेषेच्या दोन फेऱ्यांमध्ये ०.७४ मायक्रोमीटर अंतर असतं तर ब्लू-रेवर ०.३२. दोन थर मिळून ५० जीबी मावतात. वरचं पारदर्शक आवरण मात्र ०.१ मिलिमीटरचंच, केसाच्या जाडीएवढं. डिस्क कडेने धरावी ती एवढ्यासाठी.

चित्रपटगृहातला ‘मिडसोमार’ १४७ मिनिटांचा होता, दिग्दर्शकाचा १७१ मिनिटांचा. पन्नास जीबी १७१ मिनिटांवर वाटले तर सेकंदाला ३९ मेगाबिटच्या आसपास वाट्याला येतात, आणि त्यातच आवाज व पुरवण्या बसवायच्या. दाब न देता, म्हणजे कॉम्प्रेशन न करता, तेच चित्र ठेवायचं म्हटलं तर सेकंदाला सुमारे ६०० मेगाबिट लागतील. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या ब्लू-रेवरही पंधरातले चौदा भाग टाकून दिलेले असतात. काय टाकायचं हे ठरवणारी गणिती पद्धत चलाख आहे. ती चित्राचे चौकोन पाडते, मागच्या चित्रातला कुठला चौकोन कुठे सरकला ते शोधते आणि फक्त फरक लिहून ठेवते. स्थिर भिंत तिला स्वस्त पडते. गवताचं कुरण महाग, कारण प्रत्येक पातं आपापल्या दिशेने हलतं. बिट अपुरे पडले की ती गवताची बारीक हालचाल ‘फुटकळ’ समजून पुसते, आणि काही चित्रांनंतर पूर्ण चित्र नव्याने लिहिताना सगळं एकदम ताजं करते. बघणाऱ्याला वाटतं, कुरणाने श्वास घेतला.

इतर कुठल्याही चित्रपटात ही बारीकशी खोट म्हणून सोडून दिली असती. इथे सोडता येत नाही. ‘मिडसोमार’मध्ये पात्रांना गुंगीचे पदार्थ दिले जातात आणि तेव्हापासून पडद्यावर फुलं, झाडं, ताटातलं अन्न अगदी किंचित हलत राहतं. नायिका डॅनीच्या मुकुटातलं एक फूल उघडतं आणि मिटतं, जणू श्वास घेतंय. कॅमेरा त्याकडे बोट दाखवत नाही. प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांची शंका यावी, यासाठीच ते रचलेलं आहे. एका स्ट्रीमिंग सेवेवर मी हाच भाग पाहिला, तेव्हा मागचं अख्खं कुरण थरथरत होतं आणि फूल मात्र जागच्या जागी. खरा श्वास पुसला गेला होता, खोटा श्वास तयार झाला होता. आपली शंका दिग्दर्शकाने निर्माण केलेली असावी, दाबपद्धतीने नव्हे. या डिस्कची माझी पहिली आणि शेवटची कसोटी हीच आहे.

अंधाराचा भाग थोडक्यात सांगतो. चित्रपट सुरू होतो तो हिवाळ्यात, बर्फात आणि काळोखात. शिवाय वाढलेल्या चोवीस मिनिटांत पाण्याकाठचा रात्रीचा एक विधी आहे. तिथे आठ बिटांची मर्यादा उघडी पडू शकते: काळ्याकडून गडद निळ्याकडे जाताना मधल्या पायऱ्या मोजक्याच, त्यामुळे सलग उताराऐवजी जिना दिसतो. याला ‘बँडिंग’ म्हणतात. हलका दाणा, म्हणजे चित्रभर बारीक ठिपके, मिसळून तो झाकता येतो, पण दाणा म्हणजे पुन्हा बिटांचा खर्च. डायरेक्टर्स कट घेताना ४के डिस्कला माझी पसंती आहे ती मुख्यतः या प्रसंगामुळे, उन्हामुळे नव्हे.

आपल्याकडच्या संग्राहकाने आणखी एक बघावं. ब्लू-रेच्या विभागणीत भारत ‘सी’मध्ये येतो आणि अमेरिका ‘ए’मध्ये. नातेवाइकांनी हौसेने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालेलच असं नाही. ४के डिस्कना हे कुंपण नाही.

गेल्या रविवारी मावशी आणि तिची मुलगी सई आल्या होत्या. सईला हॉरर आवडतात, मावशीला नाहीत, तरी ती बसली. टीव्हीचं ‘मोशन स्मूदिंग’ मी आधीच बंद केलं होतं. चित्रपटाची सेकंदाला चोवीस चित्रं असतात, टीव्ही मधली चित्रं मनानेच भरतो आणि अशी नाजूक हालचाल गुळगुळीत करून टाकतो. पडदे ओढले, दिवा मागे ठेवला. डॅनी मुकुट घालून टेबलाशी बसली होती. मावशी पुढे झुकली.

“सई, ते फूल हललं का गं?”

“कुठलं? मला नाही दिसलं. दादा, मागे घे ना जरा.”

मी मागे घेतलं आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेलो. कुरण स्थिर होतं, बाहीवरची चुणी होती तशी होती. मुकुटातल्या पाकळ्या हळूहळू मिटल्या आणि पुन्हा उघडल्या.