मध्यस्थ निकाल देत नाही

समजा, लिंबागणेशच्या दोन भावांचा बांधाचा दावा बीडच्या न्यायालयात आहे आणि न्यायाधीशांनी तो मध्यस्थीकडे (तिसऱ्या, तटस्थ व्यक्तीच्या मदतीने पक्षकारांनीच तोडगा काढणे) पाठवला. गावात लगेच बोलले जाते, ‘आता तडजोड गळ्यात मारणार.’ गावबैठकांचा अनुभव पाहता ही शंका स्वाभाविक आहे, पण मध्यस्थाला निकाल देण्याचा अधिकारच नसतो. तो फक्त टेपचे एक टोक धरतो. खुंटी कुठे ठोकायची, हे दोघा भावांनी ठरवायचे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 मध्ये ही वाट आहे. 2023 साली मध्यस्थीसाठी स्वतंत्र कायदाही झाला. मध्यस्थ बहुधा प्रशिक्षित वकील असतो. तो दोघांशी वेगवेगळेही बोलतो, आणि तिथले बोलणे पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळेच, वाद जमिनीपेक्षा आईच्या सांभाळावरून आहे, हे बऱ्याचदा तिथेच बाहेर येते. दाव्याच्या कागदात त्याला जागा नसते.

वकिलाचे काम इथे कमी होत नाही, उलट अवघड होते. समोरच्याला खोटे पाडण्याऐवजी अशिलाला (आपल्या पक्षकाराला) नेमके काय हवे, हे शोधावे लागते.

जमले नाही, तर दावा न्यायालयात पुढे चालतो.