पाण्याचा रांजण आणि चिकुनगुन्याचा डास

धाराशिव जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. पण पाणीटंचाईच्या पाठोपाठ ताप कसा येतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

चिकुनगुन्या हा मूळचा आफ्रिकेतला रोग. १९५२ साली आजच्या टांझानियात तो प्रथम ओळखला गेला. तिथल्या माकोंडे भाषेतील या नावाचा अर्थ सांध्यांच्या दुखण्याने वाकून जाणे असा आहे. १९६३ साली तो कलकत्त्यात आला आणि १९७३ साली आपल्या शेजारच्या बार्शीत त्याची मोठी साथ झाली. पुढे सुमारे तीस वर्षे तो जणू गडप झाला. २००५च्या अखेरीस आंध्र-कर्नाटकात पुन्हा उगवला आणि २००६ साली महाराष्ट्रात पसरला. त्या वर्षी देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. मधल्या काळात जन्मलेल्या पिढीच्या अंगात या रोगाची प्रतिकारशक्तीच नव्हती.

हा ताप क्वचितच जीव घेतो, पण सांधे महिनोन्‌महिने धरतात. हातावर पोट असलेल्या बाईला खुरपे धरता येत नाही, ऊसतोड मजुराला कोयता उचलत नाही. मजुरी बुडते आणि उचल अंगावर राहते.

याचा डास गटारात नव्हे, तर घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. ज्या वस्तीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, तिथे रांजण, टिपाड, हौद भरून ठेवावेच लागतात. अंड्यापासून डास व्हायलाही साधारण आठ-दहा दिवसच पुरतात. म्हणून हा केवळ स्वच्छतेचा नव्हे, पाण्याच्या हक्काचाही प्रश्न आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो लढा अजून संपलेला नाही. ग्रामसभेत नियमित पाण्याची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे.

तोवर माता-भगिनींनी आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून घासून कोरडी करावीत, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. रिकामे न होणारे हौद कापडाने झाकावेत किंवा त्यांत गप्पी मासे सोडावेत. ताप आल्यास गंडेदोरे नकोत, कर्ज काढून सलाईनही नको. सरकारी दवाखान्यात रक्त तपासावे. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नये.

वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचनाला जमतो, आणि डासांचा हंगामही तोच. वाचन संपल्यावर तरुणांनी वस्तीतले रांजण पाहून यावेत. आजाऱ्याची सेवा तथागतांनी स्वतः केली होती. आजार येऊच न देणे हीही सेवाच आहे.