कोठारातील पागा

इंग्लंडमधील जुन्या शेतवाड्यांतली कोठारे व गोठे ओस पडले, याचे कारण त्या इमारतींच्या जीर्णतेपेक्षा शेतीच्या पालटलेल्या पद्धतीत अधिक आहे. कापणी व मळणी एकाच फेरीत उरकणारे यंत्र आले तेव्हा मळणीच्या कोठाराचे प्रयोजन संपले. ट्रॅक्टर आला तेव्हा नांगराच्या घोड्यांचे तबेले रिकामे झाले. अशा वास्तूंत स्वारीच्या घोड्यांची पागा वसवावी, हा विचार आज तेथील अनेक मालकांच्या मनात येतो. तो स्तुत्यच आहे. मात्र गवंड्याला बोलावण्याआधी नियोजनाच्या दफ्तराची पायरी चढली पाहिजे.

१९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने शेतीची जी व्याख्या केली आणि १९९० च्या कायद्याने जी कायम राखली, तिच्यात अन्न, लोकर, कातडे यांसाठी किंवा शेतकामासाठी पाळलेली जनावरे येतात. हौसेच्या स्वारीसाठी पाळलेला घोडा येत नाही. घोडे केवळ चरण्यासाठी कुरणात सोडले तर ती शेती ठरू शकते. पण ते मुख्यतः स्वारीसाठी ठेवून त्यांना बाहेरचा चारा घातला जात असेल तर जमिनीचा वापर बदलला असे मानले जाते, हा दंडक १९८१ च्या एका न्यायनिर्णयाने स्पष्ट झाला. म्हणजे आपल्याकडे ज्याला बिनशेती परवानगी म्हणतात तशाच स्वरूपाची मंजुरी इमारतीसाठी, आणि पुष्कळदा लगतच्या कुरणासाठीही, स्थानिक प्राधिकरणाकडून घ्यावी लागते.

त्यानंतर प्रश्न येतो इमारतीच्या योग्यतेचा. महानगरांभोवतीच्या हरितपट्ट्यात जुन्या इमारतीच्या पुनर्वापराला मुभा आहे, परंतु ती इमारत टिकाऊ व भक्कम असली पाहिजे आणि परिसराचा मोकळेपणा ढळता कामा नये. रूपांतराच्या नावाखाली केलेली पुनर्बांधणी प्राधिकरण मान्य करीत नाही. वास्तू वारसायादीत असेल तर निराळी संमती लागते, आणि तिच्या आवारात १ जुलै १९४८ पूर्वीपासून उभी असलेली लहानसहान बांधकामेही बहुधा त्याच संरक्षणाखाली येतात. आढ्याखाली वटवाघळे वा गव्हाणी घुबड वस्तीला असतील, तर १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जाणकाराकडून पाहणी करून घेतल्यावाचून एक कौलही हलवू नये.

मळणीचे कोठार जवळून पाहिले म्हणजे त्याच्या रचनेतील शहाणपण ध्यानात येते. दोन्ही लांब भिंतींत समोरासमोर उंच दारे, त्यांच्या मधोमध मळणीची भूमी, आणि भिंतींत उभ्या अरुंद फटी. दारे उघडली की आरपार वाहणाऱ्या वाऱ्याने भुसकट उडून जाई, आणि फटींतून साठवलेल्या पेंढ्यांना हवा लागे. गवताच्या धुळीने घोड्याची श्वसनेंद्रिये सहज बिघडतात, म्हणून पागेला वायुवीजन सर्वांत अगत्याचे. ते या वास्तूत आयते लाभते, तेव्हा त्या फटी लिंपून टाकणे हे वास्तूचे व घोड्याचे सारखेच नुकसान होय. जुना गोठा मात्र बहुधा बुटका व अरुंद असतो. साधारण आकारमानाच्या घोड्याला सुमारे १२ फूट लांबरुंद मोकळा कप्पा, ४ फूट रुंदीचे दार आणि मान उंचावली तरी तुळईला डोके लागणार नाही इतकी उंची हवी. ती मिळवण्यासाठी जुन्या तुळया कापाव्या लागत असतील, तर तो गोठा खोगीर ठेवण्यास व दाणावैरणीस द्यावा आणि घोडे अन्यत्र बांधावेत. अलीकडच्या शेडींना जागेची अडचण नसते, पण त्यांच्या छपरात अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असण्याचा संभव असतो. ते माहीतगाराकडूनच काढवावेत.

अर्जाचा निकाल पुष्कळदा इमारतीबाहेरच्या गोष्टींवर लागतो. घोडे वाहून नेणाऱ्या मोटारगाड्यांना अरुंद गल्लीतून वळता येईल काय, लिदीचा ढीग ओढ्यापासून निदान १० मीटर व विहिरीपासून ५० मीटर दूर राहील काय, सरावाच्या ४० मीटर लांब व २० मीटर रुंद वाळूच्या रिंगणावरील दिव्यांनी शेजाऱ्यांची रात्र उजळून निघणार नाही ना, या प्रश्नांची उत्तरे नकाशावर आधीच मांडलेली असावीत.

म्हणून, ज्याला हे कार्य करावयाचे आहे त्याने प्रथम आपल्या वास्तूला काय पेलवेल हे पाहावे, मग प्राधिकरणाशी पूर्वचर्चा करावी, आणि त्यानंतरच खर्चाचा अंदाज काढावा. या क्रमाने गेल्यास जुनी वास्तू टिकते, घोडाही निरोगी राहतो आणि नव्या बांधकामाखाली जाणारी शेतजमीन वाचते.