फळीवरचे शंटर

माजरीहून वणी, मुकुटबन, पिंपळखुटी करत आदिलाबादला जाणाऱ्या रेल्वेमार्गाचे मॉडेल घरात मांडायचे कोणी मनावर घेतले, तर पहिली अडचण मालगाडीची. कोळशाची बॉक्सएन वाघीण 10.7 मीटर लांब. एचओ मापात, म्हणजे मूळच्या 87व्या हिश्शात, ती 12.3 सेंटिमीटरची होते. ऐकायला बरे वाटते. पण 58 वाघिणींचा रेक जोडला की गाडी सात मीटरच्या पुढे जाते. एवढी सलग भिंत किती घरांत असते? शिवाय गाडीला वळण घ्यायलाही जागा लागते.

म्हणून या छंदात मुरलेली माणसे शेवटी शंटिंगच्या इंजिनांकडे येतात. या इंजिनांचे खरे कामच मुळी चार वाघिणी ओढायच्या, पॉइंट बदलायचा, मागे रेटायच्या, असे असते. ते फळीवर जसेच्या तसे करता येते. राजधानी एक्स्प्रेस दिवाणखान्यात खोटी वाटते, शंटर वाटत नाही.

भारतीय शंटरांचा संग्रह करायचा तर सुरुवात डब्ल्यूडीएस-1पासून व्हावी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45मध्ये, जनरल इलेक्ट्रिकची अशी 15 इंजिने भारतात आली. त्यांच्याच घराण्यातले अमेरिकेतले 44 टनी इंजिन एका करारामुळे जन्मले. 90 हजार पौंडांहून जड इंजिनावर चालकाबरोबर फायरमनही हवा, असे 1937मध्ये तिथे ठरले. कंपनीने वजन त्या रेषेच्या आत बसवले आणि एक पगार वाचवला! हे 44 टनी बॅकमनने एचओमध्ये काढले आहे. पुढे चित्तरंजनचे डब्ल्यूडीएस-4 आले. तीन आस, चाकांना जोडणारे दांडे आणि हायड्रॉलिक ट्रान्समिशन असलेले हे इंजिन दांड्यांमुळे हळू चालतानाच जास्त देखणे दिसते. वाराणसीचे डब्ल्यूडीएस-6 मात्र सहा आसांचे धूड. छोट्या फळीवर ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

छोट्या इंजिनाची कटकटही मोठी. चाके कमी, म्हणून रुळांतून वीज उचलणारे बिंदूही कमी. पॉइंटच्या प्लास्टिकच्या निर्जीव तुकड्यावर ते हमखास अडते, मग बोटाने ढकलावे लागते. उपाय ठरलेले: रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, कवचात शिसे भरून वजन वाढवणे, इंजिनातल्या डीसीसी (डिजिटल नियंत्रण) डिकोडरला कपॅसिटर जोडणे. कपॅसिटरमुळे वीज क्षणभर तुटली तरी इंजिन रांगत राहते.

या इंजिनांसाठी एक खेळही आहे. इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांच्या ‘इंगलनूक’ मांडणीत तीन साइडिंग असतात: एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. आठ वाघिणींतून चिठ्ठीने निघतील त्या पाच, त्याच क्रमाने जोडायच्या. शक्यता 6,720. बॉक्सएन वाघिणी घेतल्या तरी सगळे साधारण दीड मीटरच्या फळीवर बसते.

मोठी मांडणी पाहायची तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे; ते 1 एप्रिल 1998 रोजी सुरू झाले. सर्कस, पोहण्याचा तलाव, ड्राइव्ह-इन सिनेमा असे आख्खे शहर तिथे आहे. जरूर पाहावे, पण घरी येऊन त्याची नक्कल करू नये. ती आयुष्यभराची कमाई आहे.

मापाचा एक घोटाळा भारतीय मॉडेलकाराला सुटत नाही. आपला ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटर; एचओमध्ये तो 19.3 व्हायला हवा. बाजारात रूळ मिळतात 16.5चे, कारण ते परदेशी 1,435च्या मापाने बनलेले. म्हणजे दर गाडी पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळांवर उभी. गंमत अशी की वणी-मुकुटबनच्याच यवतमाळ जिल्ह्यातली शकुंतला, यवतमाळ–मूर्तिजापूरची 762 मिलिमीटरची नॅरोगेज, एचओमध्ये 8.76वर येते आणि एचओहून लहान अशा एन मापाचा 9 मिलिमीटरचा रूळ तिला जवळजवळ तंतोतंत बसतो. 1994मध्ये तिथली वाफेची इंजिने जाऊन डिझेल आली. ते डिझेल करायचे तर एन मापाच्या एखाद्या इंजिनाची चॅसी घ्यावी आणि प्लास्टिकच्या शीटमधून वरचे कवच आपणच कापावे. मुकुटबनच्या ब्रॉडगेजआधी मी तेच सुचवीन.