कारखान्यातलं इंग्रजी

पनवेलहून रोह्याकडे जाताना पेणच्या अलीकडे हमरापूर हे लहानसं स्टेशन लागतं. गणपतीच्या मूर्तींसाठी पेणचं नाव सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातल्या कितीतरी मूर्ती हमरापूर, जोहे, तांबडशेत अशा आसपासच्या गावांतल्या कारखान्यांत तयार होतात. शाळा सुटली की घरची मुलंही कामाला हात लावतात.

अशाच एका कारखान्यात आम्ही थांबलो होतो. सातवीतली एक मुलगी मूर्ती घासत बसली होती. शाळेत काय आवडतं विचारल्यावर म्हणाली, “गणित. इंग्रजी अजिबात येत नाही. दहावीला मी त्यातच नापास होणार.” आणि पुढच्याच क्षणी आत बघून ओरडली, “काका, कॉम्प्रेसर बंद करा, स्प्रेगन लीक होतेय!”

इंग्रजी येत नाही म्हणणाऱ्या मुलीच्या एका वाक्यात तीन इंग्रजी शब्द होते. भाषा शिकवणं हे आमचं काम नाही, निरीक्षण करणं मात्र आहे. म्हणून या वाक्याकडे जरा बारकाईने पाहू.

शब्द आधीच आहेत

मोल्ड, प्लॅस्टर, ब्रश, कलर, पॉलिश पेपर, ऑर्डर, पॅकिंग, टेम्पो, ॲडव्हान्स. हे शब्द या मुलांना कुणी पाठ करायला लावलेले नाहीत. वर्गात विचारून पाहा, पाव तासात फळा भरेल. नाखव्याच्या मुलाकडे इंजिन, डिझेल, लाइट असे वेगळे शब्द निघतील, एसटी कंडक्टरच्या मुलीकडे आणखी वेगळे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मुलांना विचारा, कॉम्प्रेसर बिघडला की बिघडली? सगळे म्हणतील, बिघडला. स्प्रेगन मात्र तुंबते, आणि टेबल मोडतं. इंग्रजीत या वस्तूंना लिंग नाही. ते मुलांनी मराठीच्या नियमांनुसार दिलं, आणि तेही न चुकता. म्हणजे व्याकरण मुलांच्या डोक्यात आहे आणि ते उत्तम चालतं. अडचण येते ती दुसऱ्या भाषेचं व्याकरण वेगळं असल्यामुळे. ते कुठे वेगळं आहे हे नेमकं सांगितलं, तर चुका ‘ढ’पणाच्या वाटेनाशा होतात. ब्रिटिश भाषातज्ज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली हेच मांडलं होतं: शिकणाऱ्याच्या चुकांवरून त्याने मनात कोणता नियम धरला आहे ते कळतं.

तीन फरक

पहिला, शब्दांचा क्रम. ‘मांजराने उंदराला पकडलं’ आणि ‘उंदराला मांजराने पकडलं’ या दोन्हींचा अर्थ एकच. कोणी कोणाला पकडलं हे आपल्याला ‘ने’ आणि ‘ला’ या प्रत्ययांवरून कळतं, त्यामुळे शब्द हलवता येतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत. तिथे जागा हाच प्रत्यय. ‘द कॅट कॉट द रॅट’ यात दोन नामांची अदलाबदल केली, तर उंदीरच मांजराला पकडतो! म्हणून ‘आय गणपती पेंट’ म्हणणारा मुलगा मराठीचा क्रम अगदी बरोबर वापरत असतो. त्याला फक्त हे सांगायला हवं की इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं.

दुसरा, शब्दयोगी अव्यय आणि प्रत्यय. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, म्हणजे ‘वर’ शेवटी. इंग्रजीत ‘ऑन द टेबल’, म्हणजे ‘ऑन’ आधी. शिवाय आपला एक ‘ने’ अनेक कामं करतो. ‘काकाने रंगवलं’ आणि ‘ब्रशने रंगवलं’ यांत आपल्याला फरक जाणवत नाही. इंग्रजीत ‘पेंटेड बाय काका’, पण ‘पेंटेड विथ अ ब्रश’. करणाऱ्यासाठी ‘बाय’ आणि हत्यारासाठी ‘विथ’, एवढं लक्षात ठेवलं तरी बऱ्याच चुका टळतात.

तिसरा, ‘अ’ आणि ‘द’. यांना मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, म्हणून मुलं ते गाळतात. पण कारखान्यात हा फरक सहज कळतो. ‘गिव मी अ ब्रश’ म्हणजे कोणताही एक ब्रश दे. ‘गिव मी द ब्रश’ म्हणजे तो, आपल्या दोघांना माहीत असलेला, डोळ्यांच्या आखणीचा.

इंग्रजी काही बाबतींत सोपंही आहे, हे मुलांना जरूर सांगावं. आपण रंगवतो, रंगवते, रंगवतोस, रंगवतेस, रंगवता, रंगवतात असं म्हणतो. इंग्रजीत ‘पेंट’ आणि ‘पेंट्स’ या दोनच रूपांवर भागतं.

किती शब्द पुरतात?

मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक अविभाजित बंगालमध्ये, ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत. थोडीच वर्षं शाळेत राहणाऱ्या मुलांना नेमके कोणते शब्द शिकवावेत, हा प्रश्न त्यांना तिथे पडला. १९५३ साली त्यांनी सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले पाचापैकी जवळजवळ चार शब्द या यादीत सापडतात. मात्र त्यांत ‘द’, ‘ऑफ’, ‘इज’, ‘ऑन’ असे छोटे शब्द फार वेळा येतात. कारखान्यातून मुलांना नामं मिळतात, हे जोडणारे शब्द मिळत नाहीत. वर्गाने द्यायचे ते हेच.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीपासून होतं. वर्षं वाढली, हे चांगलंच झालं. पण मुलांजवळ काहीच नाही असं धरून सुरुवात केली, तर वाढलेली वर्षं पाठांतरातच जातात.

करून पाहा

१. मुलांनी घरी, कामावर, रस्त्यावर ऐकलेले इंग्रजी शब्द फळ्यावर लिहा.

२. अर्थ बदललेले शब्द वेगळे काढा. आपण ‘स्टीलचा ग्लास’ म्हणतो, इंग्रजीत ‘ग्लास’ म्हणजे मुळात काच!

३. रोज चार शब्द घेऊन ते एकाच साच्यात ओता: ‘द ब्रश इज ऑन द टेबल’, ‘द मोल्ड इज अंडर द टेबल’. वस्तू खरोखर हलवा आणि वाक्य बदलायला सांगा.

४. तीच वाक्यं दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारा. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. अंतराने केलेली उजळणी एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते.

त्या मुलीला निघताना आम्ही विचारलं, “स्प्रेगन कुठे आहे, इंग्रजीत सांग.” ती थोडं थांबून म्हणाली, “स्प्रेगन टेबल ऑन.” आम्ही म्हटलं, “‘ऑन’ टेबलाच्या आधी आण.” तिने आणला. ‘इज’ आणि ‘द’ अजून यायचे होते, पण दहावीला तीन वर्षं आहेत.

तुमच्या वर्गातल्या फळ्यावर कोणते शब्द आले, ते आम्हाला जरूर कळवा.