खाजेवर अठरा टक्के

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि स्वस्ताईच्या याद्यांनी पानं भरून गेली. शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट, टाल्कम पावडर, अंगाचा साबण असं बरंच काही १८ टक्क्यांवरून ५ वर आलं. बहुतेक औषधं १२ वरून ५ वर आली. अंगाला लावायचं मॉइश्चरायझर मात्र या याद्यांमध्ये नव्हतं, आणि ते नाही याची कुणी फारशी दखलही घेतली नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या रकान्यात ते १८ टक्क्यांवर होतं, तिथेच राहिलं. म्हणजे चेहऱ्याला फासायची पावडर ५ टक्के आणि भेगाळलेल्या कातडीवरचं क्रीम १८ टक्के.

ज्याला इसब नाही त्याला यात काही वावगं वाटणार नाही. थंडीत एखादी बाटली आणायची, ती होळीपर्यंत पुरते. पण अंगभर इसब असलेल्या प्रौढाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. आपण कमीत कमी आकडा धरू. महिन्याला एक किलो, म्हणजे १०० ग्रॅमच्या दहा ट्यूब. एका ट्यूबला ३५० रुपये धरले तर साडेतीन हजार झाले. वर्षाचे ४२ हजार. यात डॉक्टरची फी नाही, स्टेरॉइडचं मलम नाही, रात्रीच्या अँटिहिस्टामिनच्या गोळ्या नाहीत, रक्ताचे डाग पडून टाकून दिलेल्या चादरीही नाहीत. ५ टक्क्यांचा दर लागला असता तर महिन्याला साधारण ३८५ रुपये वाचले असते.

ही चैन नव्हे, हा उपचाराचा पाया आहे. इसबात कातडीची भिंतच कच्ची असते. डंडीच्या संशोधकांनी २००६ साली फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष इसबाशी जोडून दाखवला, तेव्हापासून ‘रक्त बिघडलंय’ या घरगुती निदानाला खरं तर रजा मिळायला हवी होती. भिंत सच्छिद्र असेल तर गिलावा रोज करावा लागतो. करखातं या गिलाव्याला रंगरंगोटी समजतं, इतकंच.

औषध की प्रसाधन, हा वाद मराठी माणसाला नवा नाही. विको टर्मरिकची जाहिरात एका पिढीला तोंडपाठ आहे. त्या जाहिरातीतला ‘कॉस्मेटिक नाही’ हा दावा नुसता यमकासाठी नव्हता. ते क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षं भांडण चाललं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि पेंढरकरांची कंपनी जिंकली. खोबरेल तेलाचंही तेच. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे केसांचं तेल नसून खाद्यतेलच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये दिला, वेष्टणावर केसांसाठी म्हणून छापलेलं नसेल तर. हळदीला वकील मिळाला, खोबऱ्याला मिळाला. इसबवाल्यांच्या बाजूनं उभं राहायला कुणाला सवड नाही, कारण त्यांची संघटना नाही आणि हा आजार मिरवण्यासारखा नाही.

याच जीएसटी सुधारणेत वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा कर शून्य झाला. आनंद आहे. पण आपल्याकडचा बहुतेक विमा रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी असतो, आणि इसबवाला दाखल होतच नाही. तो दर महिन्याला दवाखान्यात जातो, चिठ्ठी घेतो आणि खिशातून पैसे देतो. खाजेनं रात्र रात्र जागून काढणाऱ्याला विम्याच्या लेखी काही झालेलंच नसतं.

मग माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि म्हणतो, ‘खाजेवर काहीतरी द्या.’ काउंटरवरून स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असलेली ट्यूब सरकते. तीन दिवसांत खाज गायब. इतकं झटपट काम करणाऱ्या गोष्टीबद्दल शंका घ्यायला हवी, पण ज्याला आठवडाभरानं पहिल्यांदा झोप लागली तो शंका कशाला घेईल? महिने गेले की कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, ट्यूब थांबवली की सगळं दुपटीनं उसळतं. २०१८ मध्ये केंद्रानं असली अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचखाली आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर. उलट टोकाला, स्टेरॉइडचं नाव काढताच घाबरणारेही आहेत. डॉक्टरनं नीट दिलेलं मलमही ते जिरं पेरल्यासारखं लावतात. त्याचं माप सोपं आहे: बोटाच्या शेवटच्या पेरावर पिळलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि तेवढी दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते. हे पाच मिनिटं बसून सांगायला गर्दीच्या ओपीडीत वेळ कुणाला आहे?

नवी औषधं आहेत. डुपिलुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत मार्च २०१७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा तिथली जाहीर किंमत वर्षाला ३७ हजार डॉलर होती. गोळ्यांची गोष्ट जास्त रंजक आहे. बॅरिसिटिनिबला युरोपनं २०२० मध्ये प्रौढांच्या इसबासाठी परवानगी दिली. पुढच्याच वर्षी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एलाय लिलीनं सिप्ला, ल्युपिन, सन अशा भारतीय कंपन्यांना ती कोविडसाठी बनवायचे परवाने दिले. महामारी आली म्हणून गोळी इथे बनू लागली. पण हिच्या जातकुळीतल्या औषधांसाठी आधी क्षयाची तपासणी, मग ठरावीक काळानं रक्ततपासण्या लागतात आणि खर्चाचा मीटर पुन्हा सुरू होतो.

इसबाचा त्रास मोजायला जगभर वापरली जाते ती कार्डिफची डीएलक्यूआय ही दहा प्रश्नांची यादी, १९९४ सालची. खाज किती, लाज किती, कपडे निवडताना अडचण येते का, जोडीदाराशी संबंधांवर परिणाम झाला का, असं सगळं तीत आहे. थेट झोपेचा प्रश्न नाही, पैशाचाही नाही. आपल्याकडे बनवली असती तर अकरावा प्रश्न असता: अंगठा लागतो का? धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हाताला दिवसभर पाणी आणि भांड्यांचा साबण. बोटांची टोकं फुटतात, सोलतात, रेषा पुसल्या जातात. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा ठेवला की नकार. पुसून पुन्हा, मग दुसरं बोट, मागे रांग कुरकुरते. डॉक्टर सांगतो, ‘आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घाला.’ चार घरची भांडी हातमोजे घालून घासायला लागली तर मालकीणबाई काय म्हणतील, हे डॉक्टरनं विचारलेलं नसतं.

करपरिषदेत प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो, महाराष्ट्राचाही. डॉक्टरनं लिहून दिलेलं सुगंधविरहित मॉइश्चरायझर पाचच्या रकान्यात टाका, एवढं सुचवायला कुणाची हरकत नसावी. तोवर साधी पांढरी पेट्रोलियम जेली मोठ्या डब्यातून घ्यावी. चिकट असते, कपड्यांना लागते, पण महागड्या ट्यूबपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. अंघोळ झाली की अंग टिपून, ओलसर असतानाच लावावी, आणि डब्यात बोटं न घालता स्वच्छ चमच्यानं काढावी.