वाशिममध्ये लँडस्केपिंगचा धंदा चालेल का? आधी गिऱ्हाईक ओळखा, मग रोपं आणा



लँडस्केपिंग म्हटलं की वाटतं, हे पुण्या-मुंबईचं काम. आपल्या जिल्ह्यात बगीच्याला पैसे देणार कोण?

पहिलं गिऱ्हाईक रस्त्यावर आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो आणि जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झालाय. इंटरचेंजजवळ हॉटेल किंवा पेट्रोल पंप टाकणाऱ्याला गाड्या थांबवायच्या असतात. विदर्भाच्या उन्हात गाडी सावली बघूनच थांबते.

दुसरं गिऱ्हाईक लेआउटवाला. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. कागदावर ती 'ओपन स्पेस' असते, पण कित्येक ठिकाणी तिथे गाजरगवत माजलेलं दिसतं.

बोर्ड रंगवण्याआधी मात्र थांबा. १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत लँडस्केपसाठी वेगळी परिषद आहे आणि तिथे टेक्निशियनचीही नोंदणी होते. आपल्याकडे कायद्याने तशी पायरी नाही. म्हणून बोर्डावर 'गार्डन व लँडस्केप कामे' एवढंच लिहा. मोठ्या कामाचा नकाशा आर्किटेक्टकडून घ्या, प्रत्यक्ष काम तुम्ही करा.

आता काम कसं करायचं? आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाणी साचलं की मुळं कुजतात, पेव्हर ब्लॉक खालीवर होतात. म्हणून आधी पाण्याचा उतार काढा, झाडं नंतर. लॉन फोटोत छान दिसतं, पण मे महिन्यात त्याला पाणी कुठून आणणार? कडुलिंब, करंज, बहावा एकदा रुजले की कमी पाण्यात तगतात.

कोटेशनमध्ये तीन रकमा वेगळ्या लिहा: जमीन तयार करणं, लागवड आणि १२ महिन्यांची देखभाल. रोप एकदाच विकलं जातं, देखभालीचा पैसा दर महिन्याला येतो. झाड मेलं तर बदलून कोण देणार, हेही आधीच लिहून घ्या.

या आठवड्यात गावातल्या पाच मोकळ्या जागा बघून या. वहीत तीन गोष्टी लिहा: पाणी कुठून येईल, माती कशी आहे, पैसे कोण देईल. तिसऱ्या प्रश्नाला एकही नाव मिळालं नाही, तर नर्सरीसाठी कर्ज काढू नका. दोन नावं मिळाली, तर उद्याच त्यांना भेटा.